सातवा दगड

विलीनीकरण झालं, असं मी फोनवर म्हटलं
आणि थोरले काका दाढीचा साबण तसाच ठेवून
आतून धावत आले.
कधी? कुणी सांगितलं?
आमच्या कंपनीचं हो, काका.
ते उभे राहिले थोडा वेळ, वस्तरा हातात,
साबण गालावर वाळत गेला.
चाळीस वर्षं मोर्चात चालले त्या एका शब्दासाठी,
आणि तो आला तो माझ्या ईमेलवर,
बेंगळूरच्या कुणा वकिलाच्या सहीनं.
बरं झालं की मग, म्हणाले. आत गेले.

कंपनी म्हणजे उद्यमबागेत फौंड्रीच्या वरचा मजला.
खाली ईरण्णा वाळूचे साचे ठोकायचा,
वर आम्ही पाचजण स्क्रीनवर लगोरी रचायचो.
लगोरीला कानडीतही लगोरीच म्हणतात,
म्हणून रेवण हलगेकर आणि शिवलीला हिरेमठ
एका टेबलाशी कधी भांडले नाहीत.
म्हणजे भांडायचे, खरं चेंडू किती उसळावा यावर.

दगड खरे होते. फोटो काढून घेतलेले.
एक मार्कंडेयच्या पात्रातला,
एक येळ्ळूरच्या गडाखालचा,
शाहीनच्या अब्बांनी दिलेला खानापुरी कौलाचा तुकडा.
सातवा स्टँडामागं सापडला,
त्याच्या एका अंगाला बसचा रंग लागलेला.
कुठल्या राज्याच्या बसचा, कुणीच विचारलं नाही.

बोर्डावरनं तेवढी कटकट होती.
कानडी किती फूट, मराठी किती इंच,
दोनदा पुसला, एकदा काळा झाला.
नव्या मालकांनी नवीन बोर्ड पाठवला:
एक निळा गोल. अक्षरच नाही.
त्या दिवशी सगळ्यांनी कुंदा खाल्ला
आणि कुणाला तोंड उघडायला जागा उरली नाही.

मग आमच्या मालकांनाच कुणीतरी घेतलं.
त्यांना आणि कुणी.
कुठूनसा एक तक्ता आला:
सहाव्या दगडाशी लोक खेळ सोडून जातात,
तरी पाचच ठेवा.
कुठले दोन काढायचे हे विचारायला मी फोन केला.
पलीकडच्या पोरानं गोड आवाजात सांगितलं,
शेवटचे.

आता नवीन पत्र आहे. वेगळं होतोय म्हणे आपण.
स्वतंत्र ओळख, स्वतःची वाट, असं बरंच काही.
हे काकांना सांगितलं नाही.
आमच्या गल्लीत भाऊ वेगळे झाले
की चूल मधोमध मोजतात, चिमटासुद्धा.
इथं वाटणीत कर्ज आमच्याकडं आलं,
खेळ तिकडं राहिला.
रेवण म्हणाला, काय करूया ग आता?
शिवलीला म्हणाली, चहा.

सर्व्हर बंद व्हायच्या रात्री एकच खेळाडू उरला होता.
नाव नाही, नुसते आकडे.
डाव कधीच हरला होता,
तरी तो दगडावर दगड ठेवत होता,
चेंडू मारायला समोर कुणी नसताना.
मला बटण दाबायचं होतं अकराला.
अकरा वाजून नऊ मिनिटांनी दाबलं.

सहा दगड माझ्या खणात आहेत.
सातवा ईरण्णानं नेलाय, दाराला टेकू म्हणून.
मागायला खाली गेले
तर भट्टीकडं बघतच म्हणाला,
इरली बिड्री अक्का,
वाऱ्यानं दार लई आपटतं.