नग क्रमांक ३१७

दैनिकाच्या तळघरात, तिसऱ्या रॅकवर,
करड्या पुठ्ठ्याला खळीनं चिकटवलेला.
खळीत मोरचूद घालायचे बाबालाल शिकलगार,
म्हणून कसर लागली ती फक्त कडेला,
आभाळाच्या बाजूनं.

फोटोत एक जीप.
टप काढलेली, बॉनेटवर झेंडूचा हार,
हाराखाली चिखल. वडणगे फाट्याच्या अलीकडे कुठंतरी.
मागं उसाला तुरे आलेत, म्हणजे थंडी असणार.
तरी सगळ्यांच्या काखा भिजलेल्या.

हिंदुराव तळसंदेकर सीटवर चढून उभे आहेत.
फेट्याचा शेमला वाऱ्यानं
शामगोंडा मगदुमांच्या तोंडावर आलाय,
ते तो बाजूला सारताहेत की चावताहेत, कळत नाही.
वकील आजरेकरांनी हात जोडलेत
तिकडे, जिकडे माणसंच नाहीत.
एक म्हैस आहे फक्त.
तिनं मात्र मान वर केलीय.

पाठीमागं शिक्का, तारीख पुसट,
आणि तीन वेगवेगळ्या हातांची अक्षरं.
शाईनं: डावीकडून ड्रायव्हर, तळसंदेकर, मगदूम, आजरेकर.
तांबड्या पेन्सिलीनं: दोन कॉलम. मथळा 'झंझावाती दौरा'. ड्रायव्हर कापणे.
आणि निळ्या बॉलपेननं, पुढच्या निवडणुकीतलं असणार:
मगदूम पलीकडे गेले. मगदूमही कापणे.

बाबालालनी कापलं नाही.
कात्री लावली की फोटो मरतो, म्हणायचे.
पांढरा रंग कालवून, बारक्या कुंचल्यानं
त्यांनी मगदुमांवर सकाळचं धुकं आणलं.
पाच वर्षांनी मगदूम परत आले.
संपादक म्हणाले, धुकं काढा.
ब्लेडनं खरवडताना रंगाबरोबर
नाक निघालं, आणि अर्धी मिशी.
तसेच छापले. कुणाची तक्रार आली नाही,
मगदुमांचीसुद्धा.

हे मला बाबालालनीच सांगितलं होतं
गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
स्वतःच्या मिशीला फेस लागलेला असताना.

परवा तळसंदेकरांचा नातू आला.
मागं सहा पोरं, गळ्यात उपरणी.
त्यातल्या दोघांची गेल्या वेळी दुसऱ्या रंगाची होती,
मी बघितलीत.
'काकू, आबांचा जीपवरचा फोटो पायजे. फ्लेक्सला.
नुसतं आबा. बाकीची काढा की,
कंप्युटरवर जमतंय न्हवं?'

जमतंय.
पुठ्ठा काचेवर पालथा घातला,
उजेडाची पट्टी पोटाखालून सरकत गेली.
सत्तावीस वर्षं हा फोटो मी काढतेय, ठेवतेय,
मोठा केला तेव्हा कळलं
की जीप चालत नाही.
रुतलीय. मागचं चाक निम्मं आत,
सगळी गाडी म्हशीच्या अंगाला कललेली.
साहेबांचे दोन्ही हात जनतेकडं,
आणि डाव्या खांद्यावर, शेमल्याच्या जरा खाली,
चार बोटं. नखांत ग्रीस.
गुडघ्यापर्यंत चिखल असलेला त्या फोटोत एकटाच माणूस आहे,
त्याची.

आजरेकर काढले. मगदूम तर निम्मे गेलेलेच होते.
म्हैस काढताना थोडं वाईट वाटलं.
ड्रायव्हरचा चेहरा, खाकी सदरा, कोपर, मनगट.
बोटांशी आले आणि माऊस थांबला.
बोटं काढायची तर खांदा जातो.
खांदा नव्यानं काढता येतो, तेही येतं मला,
पण पाच वाजले होते, आणि पोरं दारात गाडीला किक मारत होती.

आता दसरा चौकात वीस फुटी उभे आहेत आबा.
खाली अक्षरं: 'स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं नेतृत्व'.
खांद्यावर चार बोटं, एकेक उसाच्या कांडीएवढं.

काल रिक्षा सिग्नलला थांबली.
रिक्षावाला वर बघत राहिला.
'कुणाची ओ ही बोटं?'
नाव कुठं आहे माझ्याकडं.
'जीप रुतली होती,' मी म्हटलं.
त्यानं गिअर टाकला.
'मग धरायलाच लागतंय.'