सोळा व्होल्ट

बोगद्याच्या तोंडाशी दोनशे एकतीस.
शेवटच्या दिव्याशी, बाराशे मीटर आत,
दोनशे पंधरा.
मीटरच्या पिना पुसल्या, परत लावल्या.
तेच.

एसेनबाय शिडी धरून उभा.
डोक्यावर तिएन शानचा सगळा बर्फ,
खाली आम्ही दोघं
आणि सोडियमचे शंभर पिवळे दिवे,
दर बारा मीटरला एक.

हिशेब तसा सोपा.
दिवे एका जागी नसतात, ओळीने असतात,
म्हणून सगळा भार मधोमध टांगलाय असं समजायचं,
अंतर निम्मं धरायचं.
करंट पंधरा अँपिअर.
नकाशात लिहिलंय: तांबं, पंचवीस चौरस मिलिमीटर.
हातमोज्यासकट वहीत मांडलं. उत्तर सहा.
सहा व्होल्ट वाटेत हरवायला हवे होते.
सोळा हरवलेत.

एसेनबायला गणित येत नाही.
त्याला ठाऊक आहे,
जाइलोवरून उतरताना मेंढ्या
त्र्याऐंशीव्या दिव्यापाशी थांबतात,
आणि मारल्या तरी पुढे सरकत नाहीत.
जानेवारीत, खालच्या गावात घरोघरी हीटर लागले
की तोंडाशीच दोनशे तेरा येतात.
मग शेवटचे दिवे विझतात, गार होतात,
पुन्हा पेटू बघतात,
जांभळट, खोकल्याची उबळ आल्यासारखे.

मी गणित उलटं चालवलं.
सोळा व्होल्टवरून मागे मागे, तारेच्या जाडीपर्यंत.
दहा.
पंचवीस नाही. दहा.

'हे ड्रम कुणी उतरवले होते, एसेनबाय आके?'

तो शिडीच्या पायरीवरचा चिखल नखाने काढत राहिला.
'मी. मी आणि माझा मेहुणा जुमाकादिर.
पंचवीसचा आकडा ओला होता.
रंग हाताला लागला.'
आणि बऱ्याच वेळाने:
'त्या हिवाळ्यात पगार वेळेवर झाले.'

पहिल्या मीटरमधून शंभरांचा करंट जातो,
शेवटच्यातून एकट्याचा.
जो तो वाटेत आपापला घेतो,
कुणाचंच घेणं मोठं नसतं.
अंधार तेवढा शेवटच्याकडे साचतो.
हे मी त्याला म्हटलं नाही.
त्याचं घर पलीकडच्या तोंडाशीच आहे.

गेलेलं तांबं काही परत येत नाही.
पण पलीकडे गावाचा ट्रान्सफॉर्मर आहे.
पन्नासाव्या दिव्यापाशी केबल तोडायची,
अर्धे दिवे इकडून, अर्धे तिकडून.
करंट निम्मा, लांबी निम्मी,
सोळाचे चार.
तार तीच, बारीक.

'मग सगळ्यात कमी कुठे राहणार?'
'मध्ये. पण चारच.'
तो ओठ न हलवता काहीतरी मोजत होता,
बहुतेक मेंढ्या.
'चार चालतील,' म्हणाला.

मंगळवारी लाइन बंद करून
हेल्मेटच्या उजेडात त्यानेच करवत चालवली.
मी म्हटलं होतं, मी करते. ऐकलं नाही.
कापलेलं टोक त्याने अंगठ्याने पुसलं
आणि माझ्यासमोर धरलं:
काळ्या सालीत चार लालसर टिकल्या,
मसुराएवढ्या.

'एवढीच होती,' म्हणाला,
आणि दुसरं टोक धरायला
अंधारात वाकला.