अकरातल्या दोन

मुहर्रकला ऑगस्टमध्ये काच बाहेरून घामते.
आत अठरा अंश, मी शाल ओढून बसलेली,
आणि हेस्सा सांगते,
मॅडम, जाळं अकरा टकरींपाशी अडलंय.

टकरी जुन्या. तिच्या जन्माआधी पंधरा वर्षं
डोंगराखालच्या एका वर्तुळात झालेल्या.
मोजल्या, टेपांवर भरल्या.
यंत्र पुढे उकललं, भंगारात गेलं,
टेपा राहिल्या तळघरात
आता कुणीच बोलत नाही अशा भाषेत.
दीड वर्ष आम्ही नुसते आकडे सोलत होतो :
कोणता रकाना ऊर्जेचा, कोणता कोनाचा,
आणि मधूनच येणारं ते उणे नऊशे नव्व्याण्णव,
म्हणजे काय, तर ‘माहीत नाही’.
माहीत नाही हे इतकं नेमकं लिहिणारी माणसं!

हेस्साच्या पणजोबांकडे तांब्याच्या चाळण्या होत्या.
मोती आधी मोठ्या भोकांतून, मग बारीक, मग आणखी बारीक.
शेवटच्या चाळणीतूनही पडायचं
त्याला ते काय म्हणत, तिला आठवत नाही.
आपण तेच करतोय, ती म्हणते.
नाही गं. भोक केवढं, ते चाळणारा ठरवायचा.
याला आपण भोक दाखवलंच नाही,
चार लाख साध्यासुध्या टकरी दाखवल्या
आणि म्हटलं, बाबा रे, यांत न बसणारं सांग.

अकरा. सगळ्या एकाच रात्रीच्या.
हेस्सानं खजूर वाटले. मी हातात धरून ठेवला.
सगळं एकाच रात्री घडलं
की निसर्गाआधी माणसावर संशय घ्यावा,
एवढं शिकलेय.

नोंदवहीची छायाप्रत उघडली.
पहाटे दोन चाळीस : पाणी बंद, वायू तापला.
सव्वातीनला पूर्ववत. सही, उपळेकर.
आणि समासात, वेगळ्या शाईत, देवनागरीत :
बर्फ. घरून पत्र नाही.

हेस्सा विचारते, हे कोणतं सूत्र?

मिरजेला फोन लावला. वय एक्क्याऐंशी.
‘कोण?’ तीनदा.
टकरी त्यांना आठवत नाहीत.
पंप आठवतो, ‘आवाज बदलला होता हो त्याचा’,
आणि पत्र चौथ्या दिवशी आलं, ते.

म्हणजे जाळ्यात सापडली
एका माणसाची पस्तीस मिनिटं.
नऊ टकरी त्यातच गेल्या. मीच खोडल्या.
मग तो खजूर खाल्ला.

उरल्या दोन.
एक, एक छप्पन्नची. तेव्हा पाणी वाहत होतं,
वायू थंड होता, उपळेकर खुर्चीत होते.
दुसरी पाच दहाची.

हेस्सा काही बोलत नाही. बांग होते.
ती उठून बाहेर जाते
आणि घामेजल्या काचेवर, तिकडून,
बोटानं दोनचा आकडा काढते.
मला तो उलटा दिसतो.
त्याचे ओघळ व्हायच्या आत
मी पहिलीचा ऊर्जेचा रकाना उघडते.

उणे नऊशे नव्व्याण्णव.