कांगणे सर ओरडत नाहीत

शेठनं पहिल्याच दिवशी विचारलं,
हा माणूस टीम चालवणार की बालवाडी?
जालन्याच्या सळईच्या कारखान्यात, भट्टीजवळ,
हाक मारायची म्हणजे ओरडायचंच असतं.
शेठला दुसरी भाषा ठाऊक नाही.
पगार मात्र एक तारखेला देतो, हे खरं.

आणि विश्वंभर कांगणे सर
चपला दाराबाहेर काढून हॉलमध्ये आले.
लाकडी फ्लोअर आहे, म्हणाले, नवा आहे,
जपू आपण.
आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.
मारोती धुळगुंडे, सहा फूट पाच इंच,
प्रत्येक दारातून वाकून येणारा,
हळूच म्हणाला, गेलं रे हे वर्ष वाया.

आधीच्या कोचच्या शिव्या आम्हाला पाठ होत्या.
खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.
शिवी बसली की पाय आपोआप पळायचे.
विचार करायचं काम त्याचं,
आपलं फक्त पळणं.

कांगणे सर थांबवायचे.
शिट्टीसुद्धा नाही. नुसता हात वर.
तो हात ज्याला दिसला नाही
त्याच्यासाठी सगळे थांबून राहायचे,
तो एकटाच ड्रिबल करत जायचा
पार बास्केटखाली,
आणि मग त्याला आपल्याच चेंडूचा आवाज
मोठा ऐकू यायचा.
तो बहुतेक वेळा मीच.

नोव्हेंबरात कळलं,
अठरा वर्षं ते अंबड रोडला
मूकबधिर शाळेत खेळाचे मास्तर होते.
तिथं ओरडून काय होणार?
समोर जाऊन उभं राहावं लागतं,
पोराच्या नजरेत यावं लागतं.
नाही आलं तर चूक हाताची.

पण मऊ म्हणजे लेचापेचा, असं नाही बरं का.
रणधीर तीनदा उशिरा आला.
चौथ्यांदा त्याची जर्सी
इस्त्री करून, घडी घालून
दाराजवळच्या खुर्चीवर.
मलाही पहिल्या पाचातून काढलं
मोंढ्यातल्या टपरीवर, चहा पाजून.
"डावा गुडघा लपवतोस तू. दिसतं मला."
शिवी दिली असती
तर रात्रीपर्यंत विसरलो असतो.
हे वाक्य अजून
बूट बांधताना सापडतं.

मग नागपूरवाल्यांशी सेमीफायनल.
शेठनं हलगीवाले आणलेले, चौदा जण,
वर पत्र्याचं छप्पर.
शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना.
त्यांचा कोच लालबुंद, गळ्याच्या शिरा टरारलेल्या,
नुसतं तोंड हलतंय,
त्याची पोरं कान पुढं करून बघतायत.
एका पॉइंटनं मागे आम्ही. अकरा सेकंद.
टाइमआउट.
सरांनी बाटल्या वाटल्या, झाकणं उघडून.
मग मारोतीकडे पाहून
दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली:
काय दिसतंय?
मारोतीनं डावा कोपरा दाखवला.
सरांनी मान हलवली.
झालं. एवढीच मीटिंग.

मी बाकावर होतो, म्हणून सगळं दिसलं.
सरांचा हात वर गेला, तौफिक जागीच थांबला,
त्याच्यावर धावून आलेला पुढं घसरत गेला,
आणि कोपऱ्यातून मारोतीचा चेंडू
रिंगवर दोनदा नाचून, उगाच छळून,
आत.

हलगी थांबायचं नाव घेईना.
जिंकलो हे आम्हाला कळलं
शेवटच्या रांगेकडे पाहून.
तिथं सरांची जुनी शाळा बसली होती,
तीसेक पोरं, सगळ्यांचे हात हवेत,
पंजे गरागरा फिरवत.

फायनल सतरा पॉइंटनं हरलो.
तेही सांगितलं पाहिजे.
रणधीर असता तर? माहीत नाही.

शेठ म्हणाला, सर, पुढच्या सीझनला
जरा ओरडत चला की राव.
"बघतो," सर म्हणाले, आणि खरंच
खिशातली वही काढून टिपून घेतलं.
तौफिकनं नंतर डोकावून पाहिलं:
मारोतीचे बूट, तेरा नंबर, पुण्यात विचारणे.
हॉलचा पंखा.
आणि खाली, पेन्सिलीनं,
ओरडणे?