हात पोचेल तिथवर

नोव्हेंबर, ईसाल्मी. तीनलाच काळोख.
बूट दाराशी काढले, टेप खिशातून,
आणि मी एक आकडाही घेण्याआधी
हेल्लेव्हीबाईंनी कॉफी ओतली,
वेलदोडा घातलेला पाव पुढे सरकवला.

टेबलावर नमुने. नुसता पांढराच एकोणीस तऱ्हांचा.
तैस्तो, त्यांचा नवरा, एकेकावर बोट ठेवत गेला:
"हा पांढरा.
हाही पांढरा.
हा मळलाय."

मी म्हटलं, रंगाचं मागाहून बघू.
आधी सांगा, पातेली कुठे असतात, मीठ कुठे,
डावऱ्या का उजव्या,
मोरंब्याच्या बरण्या हिवाळ्याला किती,
बोटं सकाळी किती वेळ आखडलेली असतात.
या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी तैस्तोकडे पाहिलं,
मग मुठींच्या ट्रेकडे.
गोल मूठ निसटली. बारीक मूठ निसटली.
लांब, जाड दांडी मनगटानंही ओढता आली.
"ही."
किंमत विचारली नाही.

भिंत ओळंब्यात नव्हती,
वरपर्यंत जाता जाता चौदा मिलिमीटर
सरोवराकडे कललेली.
"घर मीच बांधलं," तैस्तो म्हणाला.
मी वहीत लिहिलं: चौदा.
बाकी काही नाही लिहिलं.

जुनी कपाटंही त्याचीच, एकाहत्तर सालची,
पाइनची, सांधे अजून घट्ट,
आणि इतकी उंच की खाली कायम एक स्टूल.
स्टुलाचा रंग दोन ठिकाणी गेलेला,
पावलाएवढा.

"हात वर करा," मी म्हटलं.
त्या सवयीनं चवड्यांवर गेल्या.
"टाचा खाली."
पुन्हा चवड्यांवर.
"टाचा खाली, हेल्लेव्हीबाई."
बोटं थांबली तिथे पेन्सिलीची रेघ ओढली.
बराच वेळ बघत राहिल्या तिच्याकडे.
"इतकीच?"
"इतकीच."

तैस्तो उठून रेघेशी उभा राहिला. भुवईला लागत होती.
"डोकं आपटेल माझं."
"चार दिवस आपटेल," त्या म्हणाल्या,
"पाचव्या दिवशी वाकशील."

फेब्रुवारीत बर्च तयार झाला.
मी जुनं उतरवायला गेलो तेव्हा तैस्तो गोठलेल्या सरोवरावर,
बर्फातल्या भोकात गळ सोडून,
त्याच स्टुलावर बसलेला.
खिडकीतून ठिपक्याएवढा दिसत होता.

पहिलं कपाट भिंतीवरून सुटलं.
मागे मूळचा हिरवा रंग, कोळ्याचं रिकामं जाळं,
आणि पेन्सिल.
एक आडवी रेघ, नेटकी, गुण्या लावून ओढलेली,
शेजारी बाईंच्या नावाचं पहिलं अक्षर.
तिच्या वीतभर वर दुसरी, वाकडी,
वर जाणारा बाण, आणि वेगळा हात:
"अजून वर. तैस्तोचं डोकं."

बाई चष्मा शोधायला गेल्या. आल्या. वाचलं.
"अक्षर माझं आहे," म्हणाल्या,
जुनी पावती ओळखावी तसं.
मग कॉफीचं यंत्रच तेवढं बोलत होतं.

मी विचारलं, मग त्यांची ती खालची रेघ धरू का?
त्यांनी हात वर केला. टाचा जमिनीला.
बोटं रेघेच्या चार अंगुळं अलीकडेच थांबली.
बावन्न वर्षांत लाकूडही आखसतं,
ते मी हिशेबात धरतो. हे धरलं नव्हतं.

"तुमची धरा," म्हणाल्या, "नोव्हेंबरची."
आणि थोड्या वेळानं, "नवं कपाट हे झाकेल ना?"
"झाकेल."
"झाकू द्या."
फडक्यानं त्यांनी धूळ पुसली,
रेघांच्या कडेकडेनं.

मी ड्रिल लावलं.
बाहेर तैस्तोच्या गळाला काही लागलं असावं.
तो स्टुलावरून उठला,
आणि वाकला.