वाक्यात उपयोग करा

तहूराचा आवाज आला रात्री, व्हॉट्सॲपवर:
अब्बा, उद्या चाचणी आहे. स्टँड बाय म्हणजे काय?
दोन गुणांना आहे. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा.

बेटा, बाय म्हणजे आपल्या कोकणातली बाय नव्हे.
बाय म्हणजे जवळ, शेजारी.
स्टँड तर तुला येतंच,
तुझा बाप इथे सोहारला तेच करतो, बारा तास.
हेल्मेटवर पट्टी चिकटवलीये: स्टँड बाय मॅन.
टाकी साफ करायला माणसं आत उतरतात,
मी भोकापाशी.
वहीत नावं, वेळा. आत किती, बाहेर किती.
दोरीला दोन हिसके म्हणजे ठीक आहे.
बाकी काही करायचं नाही, हेच काम.

पहिला अर्थ लिही: तयारीत थांबणे.

दुसरा, पाठीशी उभे राहणे.
हा पुस्तकात असेलच, चित्रासकट.
बिष्णू मास्क चढवण्याआधी
सुपारीची पुडी माझ्या खिशात कोंबतो,
न विचारता.

तिसरा मला गेल्या महिन्यात कळला.
अकराच्या सुमारास दोरी ओढली, दोनदा.
उत्तर नाही.
पुन्हा ओढली. विहिरीत पोहरा अडकावा तशी जड.
आत जायचं नाही. नियम सरळ आहे:
एकामागे दुसरा उतरतो
आणि वही वाचायला बाहेर कोणी उरत नाही.
शिट्टी फुंकली, रेडिओवर ओरडलो,
मग उभा राहिलो.
नऊ मिनिटं. वहीत आहेत, माझ्याच अक्षरात.
तापल्या कडेवर दोन्ही हात टेकून
त्याला हाका मारत होतो,
आतून माझाच आवाज वर यायचा.

वाचला तो.
दवाखान्यात म्हणाला, तू कुठे होतास?
म्हटलं, तिथेच.
बराच वेळ छताकडे बघत राहिला,
मग पुडी मागितली.

रिपोर्ट लागला बोर्डावर, इंग्रजीत.
माझ्या वाट्याला एक ओळ: अटेंडंट स्टुड बाय.
ही शाबासकी की ठपका?
सेफ्टीच्या रोनेलला विचारलं.
त्यानं दोनदा वाचलं,
म्हणाला, ग्रामर बरोबर आहे.

तिसरा अर्थ: डोळ्यांसमोर घडताना
नुसते बघत राहणे.
हा लिहू नकोस. दोन गुणांना दोन पुरेत.

वाक्य तुझं तू कर.
भूतकाळ आला तर स्टुड.
त्यात दोन ओ असतात, विसरशील.