ठोका

भीमाकाठचा भोपळा दुकानात आला की
अब्बा त्याला मांडीवर घेत, डोळे मिटत
आणि बोटाच्या पेरानं एकदा, दोनदा.
बद्द वाजला तर बाजूला, उन्हात.
घुमला तर पेन्सिलीनं फुली,
ह्याची सतार होणार.

मगदूम सरांना पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा ते हेच करत होते.
समोर कुपवाडच्या कारखान्यातला लेथवाला,
शर्ट वर केलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.
डावं बोट पाठीवर आडवं,
उजव्या बोटाचा ठोका.
"इथं पाणी आहे," म्हणाले, फोटो यायच्या आधी.
मी बावीस वर्षांची, नोकरीचा तिसरा दिवस.
वाटलं, हा तर आमच्याच गल्लीतला माणूस.

मग एकोणतीस वर्षं
मिरजेच्या त्या दवाखान्यात, मागच्या खोलीत
मी लोकांच्या बेडक्यावर जगले.
(लग्न ठरवताना घरच्यांनी एवढंच सांगितलं,
हसीना दवाखान्यात असते.)
काचेवर पसरायचं, ज्योतीवरून फिरवायचं,
लाल रंग, आम्ल, शेवटी निळा.
निळ्यात लाल काड्या दिसल्या की मोजायच्या.
सर दारात उभे राहत. "किती?"
कुणाचं, असं कधीच विचारलं नाही.
ते त्यांना पाठ असे:
कुणाचं ताट सासूनं वेगळं काढलंय,
कोण ट्रकवर गेला की गोळ्या विसरतो.

पुढं तो दुसरा आजार आला,
ज्याला आम्हीसुद्धा नुसतं 'ते' म्हणायचो.
शेवटच्या खाटेला सगळे वळसा घालून जात.
सर त्याच खाटेवर बसत, पेपर वाचत,
तिथल्या बाईच्या डब्यातली चटणी मागून घेत.
महिन्याभरानं त्या खाटेवर टेकून
वॉर्डबॉय तंबाखू मळताना दिसला.
सर त्याला खूप बोलले.
तंबाखूबद्दल.

महापूर ओसरला तेव्हा सांगलीत
गमबूट घालून, चिखलात उकिडवे बसून
ते लोकांच्या पोटऱ्या दाबत होते.
"दुखतंय?"
"सर, उंदीर चावला नाही हो कुठं."
"चावत नाही तो. पाण्यात मुततो."

सगळे वाचले नाहीत, तेही लिहिते.
तासगावची रंजना, बेदाण्याच्या शेडवर कामाला,
दोनदा औषध सोडून तिसऱ्यांदा आली
तेव्हा काचेवर मोजायला जागा नव्हती.
ती गेली त्या संध्याकाळी सर माझ्या खोलीत येऊन
दुर्बिणीला डोळा लावून बसले.
बराच वेळ.
दिवा लावलेला नव्हता.

आणि चारशे सतरा नंबरची काच.
डबीवर नाव नाही, अक्षर ओळखीचं.
तीन अधिक.
मी दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा मोजलं.
"किती?"
सांगितलं.
"बरं," म्हणाले, "माझीच आहे ती."

दुसऱ्या दिवसापासून ते रांगेत उभे,
तोंडाला रुमाल, हातात घरचा पेला.
समोर बसून गोळ्या गिळवून घ्यायची
पाळी माझी होती.
"तोंड उघडा सर. जीभ वर."
ज्यांना आयुष्यभर सांगितलं
लघवी केशरी होईल, घाबरू नका,
त्यांच्यातल्या एकाला आठव्या दिवशी म्हणाले,
"अहो, खरंच केशरी होते की!"
आणि खोकला येईपर्यंत हसले.

आता त्यांना ऐकू येत नाही.
यंत्र आणलंय, ते खिशात असतं.
कधी रिक्षा करून येतात आमच्या दुकानात,
भावाच्या पुढ्यातला कोरा भोपळा ओढतात,
डावं बोट आडवं, उजव्याचा ठोका,
आवाज बोटातूनच घेतात बहुतेक.
भाऊ हातानं खुणावतो, कसाय?
सर जरा खाली सरकतात,
पुन्हा एकदा ठोकतात.
"उजवीकडं तळाला ओल आहे अजून," म्हणतात,
"घाई करू नका.
पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवा."